नको झालेल्या सशांची सुलभा

जावेदभाईंचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या आमच्या मेडिकलचं शटर नुकतंच वर केलं होतं. "ताई, मॅडम गेल्या," ते म्हणाले. मी विचारलं, "कुठं? भावाकडं, जळकोटला?" ते हळूच म्हणाले, "न्हाई ताई. गेल्या." सकाळी सशांसाठी घास टाकायला ते सुलभाच्या घरी गेले होते. फाटक आतून बंद, हाका मारून कुणी येईना, म्हणून शेजाऱ्यांना घेऊन त्यांनी मागचं दार उघडलं. सुलभा पलंगावर कुशीवर झोपलेली होती, एक हात गालाखाली. झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. हे सगळं त्यांनी मला एका सुरात, न थांबता सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "तुम्ही या. मी ससे बघतो तवर."

नांदेडच्या बसमध्ये मी खिडकीशी बसून होते, आणि रडू येत नव्हतं. एवढंच मनात येत होतं की ही बातमी जावेदभाईंनी द्यावी... त्यांचं नांदेडच्या जुन्या बाजारात पक्षी, मासे आणि ससे विकायचं दुकान आहे. वडिलांपासूनचं. आणि सुलभा, माझी कॉलेजपासूनची मैत्रीण, लोकांना नको झालेले ससे आपल्या घरी सांभाळायची. ह्या माणसाशी ती वर्षानुवर्षं भांडली. फोनवर मला त्यांचं नावसुद्धा सांगायची नाही, "तो दुकानवाला" म्हणायची.

आम्ही दोघी फार्मसीला एकत्र होतो, वसतिगृहात एका खोलीत. ती जळकोटजवळच्या खेड्यातली, घरची शेती, गोठा भरलेला. पण जनावरांचं वेड वगैरे तिला मुळीच नव्हतं. वसतिगृहात मांजर शिरलं की चप्पल घेऊन धावायची. "जनावर कामाचं असावं, मांडीवर घ्यायचं न्हाई," असं तिच्या आईचं म्हणणं होतं आणि तेच तिचं. पुढं मी लग्न होऊन लातूरला दुकानात बसले आणि ती नांदेडच्या एका फार्मसी कॉलेजात शिकवायला लागली. लग्न तिनं केलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. विष्णुपुरीच्या रस्त्याला लहानसा प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या, मागं मोकळी जागा ठेवली. तिथं वांगी-मिरच्या लावीन म्हणायची.

कॉलेजात त्या काळी प्रॅक्टिकलला ससे असत. मुलांनी सशाच्या डोळ्यात औषधाचा थेंब टाकायचा आणि बाहुली मोठी होते की बारीक ते बघायचं. आम्हीही शिकताना हेच केलं होतं. पुढं नियम बदलले, तेच प्रयोग कॉम्प्युटरवर दाखवायला लागले आणि मागच्या इमारतीतले ससे कुणालाच नको झाले. त्यांना बाजारातल्या दुकानात द्यायचं ठरलं. पोचवायचं काम सुलभाकडं आलं. ऑटोत पायाशी खोकी ठेवून ती ते जावेदभाईंच्या दुकानात घेऊन गेली. "चांगल्या घरी देतो मॅडम, फिकर करू नका," असं ते म्हणाले, आणि हिलाही हायसं वाटलं. महिन्याभरानं कुठल्याशा कामाला बाजारात गेली असताना तिनं सहज डोकावून विचारलं, तर एकही ससा नव्हता. कुणाकुणाला दिले? "आता ते कसं सांगू मॅडम. गिऱ्हाईक येतं, पसंत पडलं की घेऊन जातं."

एवढ्यावर ती विसरलीही असती. पण त्याच वर्षी ती एका विद्यार्थिनीच्या घरी साखरपुड्याला गेली. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत पोपटाचा पिंजरा होता आणि त्यात ससा. कानात त्यांच्या कॉलेजचा आकडा गोंदलेला. नखं वाढून वळली होती, पिंजऱ्याच्या तारांवर बसून बसून तळव्यांची कातडी गेलेली. घरची माणसं वाईट नव्हती, हे ती मला नेहमी सांगायची. रोज गाजर घालत होते बिचारे. "मॅडम, न्यायचा असेल तर न्या, आम्हाला काही जमून नाही राहिलं," असं त्या घरच्या बाईच म्हणाल्या. साखरपुड्याच्या जेवणावरून सुलभा साडीच्या पदरात ससा घेऊन परत आली. "त्याच्या डोळ्यात मी कितीदा थेंब टाकले असतील, विजू," ती मला फोनवर म्हणाली. "त्यानं मला ओळखलं असेल का गं?" मी म्हटलं, काहीतरीच काय.

मग एकाचे दोन झाले, दोनाचे पुष्कळ. पाटी तिनं कधी लावली नाही, पण विष्णुपुरीकडं एक बाई ससे घेते हे लोकांना कळत गेलं. शाळा सुरू झाल्या की लोक यायचे, कारण सुट्टीत मुलाच्या हट्टासाठी घेतलेला ससा आता कुणी बघत नसे. घर बदललं की यायचे. सुनेला दिवस गेले की यायचे. दोन्ही माद्या म्हणून दुकानातून आणलेल्या जोडीला पिल्लं झाली की मोठं खोकं घेऊन यायचे. मागच्या मोकळ्या जागेत वांगी कधी लागलीच नाहीत. तिथं पत्र्याचं शेड झालं, वर उन्हाळ्यात ओली गोणपाटं, आत माती आणि बिळं. नरांचं ऑपरेशन करायला नांदेडात तेव्हा कुणी तयार होईना. उदगीरचे एक डॉक्टर हो म्हणाले. मग ही सुट्टीच्या दिवशी टोपलीत ससे घालून एसटीनं उदगीरला जायची, येताना वाटेत जळकोटला भावाच्या घरी उतरायची. तिचा धाकटा भाऊ दिगंबर शेती बघतो. तो मला एकदा हसत म्हणाला होता, "अक्का माहेरी येती, पण टोपलीत काय हाय ते बघितल्याबिगर आमची बायको घरात घेत न्हाई."

औषधं मी लातूरहून पाठवायची. तेवढाच माझा हातभार. वर्षातून दोन-तीनदा नांदेडला जायचे आणि दर वेळी ती मला आधीपेक्षा थोडी वाळलेली दिसायची. सशानं खाणं थांबवलं की तो एका दिवसात हातचा जातो. म्हणून रोज प्रत्येकाच्या खाण्याकडं, लेंड्यांकडं बघावं लागतं. नोकरी, घर आणि हे. "सोड की आता," असं मी म्हणायचे. ती म्हणायची, "कुणाकडं सोडू, ते सांग."

खरी अडचण सोडण्याचीच होती. तिच्याकडून ससा न्यायला येणाऱ्या माणसाला ती इतकं विचारायची की बसलेला माणूस उठून जाई. घरात दिवसा कोण असतं? गच्चीवर ठेवणार का? उन्हाळ्यात काय कराल? गावाला गेलात तर? मग ती घर बघायला जायची. एक गृहस्थ वैतागून म्हणाले, "बाई, आम्ही पोरीची सोयरीक करायला आलो नाही." तिनं त्यांना चहा दिला आणि ससा दिला नाही. ते सरळ जावेदभाईंच्या दुकानात गेले. तिथं कुणी काही विचारत नसे. लोकांना नको झालेले ससेही तिथं घेतले जात आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या गिऱ्हाइकाला दिले जात. सुलभाच्या मते सगळ्या दुखण्याचं मूळ हेच होतं. ती दुकानात जाऊन भांडायची. मी एकदा सोबत होते. दुकानात पाखरांचा कलकलाट, माशांच्या टाक्यांचं बुडबुडणं, आणि त्यात ही उंच आवाजात बोलत होती.

"टाकायची सोय तुम्ही करून दिली आहे. परत घेणारं कुणी आहे म्हटल्यावर माणूस विचार न करता घेतो."

जावेदभाई माशांच्या टाकीत जाळी फिरवत होते. त्यांनी वर न बघता उत्तर दिलं. "मॅडम, तुम्ही इतके सवाल करता की माणूस तुमच्या दारातून माघारी जातो. मग तो जनावराला कुठं नेतो ते तुम्ही बघितलंय का? मी सवाल करत न्हाई. म्हणून माझ्याकडं तरी येतो."

"आणि तुम्ही ते कुणाला देता ते तुम्हाला ठाऊक नसतं."

"हाव. न्हाई ठाऊक."

ते एवढं सरळ म्हणाले की पुढं भांडायला काही उरलं नाही. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बघ, कबूलही करतो आणि बदलतही नाही."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात ते झालं. नांदेडचा उन्हाळा मी सांगायला नको. शेडमध्ये जागा नव्हती, दोन माद्या आजारी, कूलरचा पंप बिघडलेला. दुपारी एक नवरा-बायको स्कूटरवर ससा घेऊन आले. बदली झाली होती, सामान बांधून तयार होतं. तिनं जागा नाही म्हणून सांगितलं, आठवड्यानं या म्हणाली. त्यांच्याकडं आठवडा नव्हता. ते वाद न घालता निघून गेले आणि ती आत जाऊन पंपाशी झटत बसली. ऊन कलल्यावर फाटकाबाहेर गेली तर भिंतीला लागून खोकं होतं, वर भोकं पाडलेलं, नीट सुतळीनं बांधलेलं. आत पाण्याची वाटीही ठेवली होती. ससा मेलेला होता.

तिनं मला फोन केला तेव्हा आवाज अगदी साधा होता. दिवसभर काय काय झालं ते सांगितलं, पंप दुरुस्त झाल्याचंही सांगितलं. मग म्हणाली, "दुकानवाल्याकडं नेला असता तर वाचला असता गं." मी काहीबाही बोलून समजूत घातली. ती ऐकून घेत होती, हूं हूं करत होती... मला कळत होतं की ती ऐकत नाहीये.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली. हे मला नंतर जावेदभाईंनी सांगितलं. त्यांना वाटलं, नेहमीसारख्या भांडायला आल्या. ती स्टुलावर बसली, पाणी मागितलं आणि खोक्याची हकिगत सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं. दुकानात गिऱ्हाईक आलं, त्याला त्यांनी हातानंच थांब म्हणून सांगितलं. मग ते म्हणाले, "मॅडम, माझ्याकडं दिलेल्यातले किती मेले असतील, मला तर तेही कळत न्हाई. तुम्हाला एकाचं कळलं." ती म्हणाली, "तुमच्यामागं खोली आहे ना एक?" दुकानामागं त्यांची दाण्याची पोती ठेवायची खोली होती, जाड भिंतींची, थंड. त्या दिवशी ठरलं ते असं. कुणी नको झालेला ससा आणला की त्यांनी काही न विचारता घ्यायचा, पण विकायचा नाही. मागच्या खोलीत ठेवून तिला फोन करायचा. आणि तिनं, घर देणारा माणूस बरा दिसला, तर त्याला माघारी लावायचं नाही. "थोडं कमी विचारा," एवढीच त्यांची अट होती.

तिला हे जड गेलं. त्याच सुमारास ती एकदा लातूरला आली, मागं दिलेल्या एका सशाची चौकशी करायला. मीही गेले. नवरा-बायको दोघं शिक्षक. आम्हाला बघून बाईंचा चेहरा उतरला. ससा गच्चीवर होता, पाण्याच्या टाकीखालच्या सावलीत, एकटा. सुलभानं देताना घरात ठेवायचं कबूल करून घेतलं होतं. मला वाटलं आता ही बोलणार. पण ती टाकीशी जमिनीवर बसली, हात पुढं करून. बऱ्याच वेळानं ससा आला आणि तिच्या बोटांना नाक लावून उभा राहिला. बाई दारातच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, दोन महिने झाले, तुम्हाला फोन करीन करीन म्हणत होते. पोराला दमा निघाला. तुम्हाला काय तोंड दाखवू असं वाटायचं." सुलभा म्हणाली, "अहो, त्यात काय. नेते मी." परत येताना ऑटोत ससा मांडीवर होता. ती मला म्हणाली, "लोकांना माझी लाज वाटते, विजू. सशाला टाकायची नाही वाटत, माझ्यासमोर यायची वाटते. असलं कसलं काम केलं मी."

त्यानंतरही सगळं गोड झालं असं नाही. जावेदभाई नको झालेले ससे विकत नसत, शब्द पाळला त्यांनी. पण हैदराबादहून येणाऱ्या पिल्लांच्या पेट्या त्यांनी बंद केल्या नाहीत. दिवाळीच्या आधी, सुट्ट्यांच्या आधी पेट्या यायच्या, पिल्लं विकली जायची, आणि काही महिन्यांनी त्यातलीच मोठी होऊन मागच्या खोलीत परत यायची. "पुढच्या दारानं तुम्ही विकायची आणि मागच्या दारानं मी उचलायची," ती म्हणायची. ते म्हणायचे, "मी बंद केलं तर शेजारचा आणील मॅडम. तो मागचं दारसुद्धा ठेवणार न्हाई." एका दिवाळीला ती महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. पण फोन आला की ससे उचलायला जात होती, खोलीतून टोपली घेऊन, न बोलता. त्या महिन्यात त्यांनी रोज घास तिच्या घरी पोचवायला सुरुवात केली. पुढं भांडण मिटलं तरी घास यायचा थांबला नाही.

शेवटची भेट मागच्या हिवाळ्यातली. सुलभा निवृत्त झाली होती. गुडघे गेले होते, खाली बसली की उठताना भिंत धरायची. आम्ही मागच्या पायरीवर ऊन खात बसलो होतो, समोर ससे इकडून तिकडं. ती म्हणाली, "थकले गं." मी म्हटलं, "आता नवे घेऊ नकोस." ती म्हणाली, "घेत नाही. हे आहेत तेवढे माझ्याआधी जावेत, एवढंच मागते." आयुष्यभर ज्यांना वाचवायला धावली, त्यांच्या मरणाची वाट ती इतक्या शांतपणे बघत होती, आणि त्यात मला काही वावगं वाटलं नाही. तितक्यात जावेदभाईंचा फोन आला. खोलीत एक मादी आली होती, कान फाटलेला. सुलभानं डोळे मिटून घेतले. मग म्हणाली, "आणा."

गोदावरीच्या काठी आम्ही तिला निरोप दिला. दिगंबर, त्याची बायको, कॉलेजातले चार-पाच जण. जावेदभाई थोडे बाजूला उभे होते, हातावर हात ठेवून. दुसऱ्या दिवशी घरी बसलो असताना दिगंबर म्हणाला, "अक्कानं लई केलं. मला हे होणार न्हाई, विजाताई. घर भाड्यानं द्यावं लागंल. ससे दुकानात देऊन टाकू." जावेदभाई तिथंच होते. मी त्यांच्याकडं बघितलं. ते म्हणाले, "दुकानात न्हाई घेणार मी. तिथं ठेवलं की कुणीतरी मागतंय, आन मी न्हाई म्हणंन याचा मला भरवसा न्हाई. घरी नेतो. माझं अंगण हाय." थोड्या वेळानं म्हणाले, "पर मॅडमवाणी न्हाई जमणार. ते आधीच सांगतो." दिगंबरनं त्यांना हात जोडले. त्यांनीही जोडले. नव्या पेट्यांचं मी विचारलं नाही. त्या दिवशी ते विचारायचं बळ माझ्यात नव्हतं, आणि उत्तर मला ठाऊक होतं.

ससे जावेदभाईंकडं गेले त्या दिवशी मी तिथंच राहिले. घर आवरायचं होतं. संध्याकाळी मोबाईलची बॅटरी संपत आली म्हणून चार्जर घेऊन तिच्या खोलीत गेले. पलंगाच्या बाजूला बघितलं, खाली बघितलं, कपाटामागं हात घातला. कुठंच प्लग नाही. मग मान वर केली तेव्हा दिसलं. सगळे प्लग माझ्या डोक्याच्या वर होते. फ्रीजची वायर, पंख्याची, टेबलावरच्या दिव्याची, सगळ्या भिंतीवरून वर नेऊन खिळ्यांनी बसवलेल्या. ससे वायरी कुरतडतात. कुणी आजारी असला की तिच्या खोलीतच झोपायचा, म्हणून तिनं कधीतरी वायरमन बोलावून सगळं घर वरच्या वर करून घेतलं असणार. त्या गुडघ्यांनिशी ती रोज टाचा उंच करून बटणं दाबत होती. दिगंबर दारात आला. "हे खाली घ्यावं लागंल, ताई," तो म्हणाला. "भाडेकरूला गैरसोय होईल." मी म्हटलं, "घेऊ की. पण आज राहू दे." त्यानं स्टूल आणून दिलं. मी वर चढून चार्जर लावला, पण वायर पलंगापर्यंत पोचेना... मग मी तशीच स्टुलावर उभी राहिले, फोन हातात धरून.